नानाच्या सायकलीचे बावीस दाते

नाना, तुझं तेरावं परवा उरकलं आणि काल मी अकोल्याला परत आलो. थकलो बावा. खांद्यावरचा टॉवेल खुंटीला टांगायचा म्हटलं तरी ते काम उद्यावर टाकावंसं वाटतं. शाळेला सुट्ट्या आहेत, उन्हानं भिंतीसुद्धा हाताला चटके देतात, आणि मी भरदुपारी खाटेवर बसून तुला पत्र लिहून राहिलो. तू म्हणशील, काबे मास्तर, मेलेल्या माणसाले कोनी पत्र लिहिते का? लिहिते. तीस वर्षं आपली पोस्टकार्डं चालली आणि शेवटच्या कार्डाला उत्तर द्यायची पाळी माझी होती. त्यात तू विचारलं होतंस, "गुडघा काय म्हणते?" गुडघा दुखते, नाना. पण आज गुडघ्याचं सांगायला बसलो नाही.

आधी एक मजा ऐक. तुझ्या तेराव्याला अकोल्याहून बोलावलेले गुरुजी एस.टी.नं निघाले आणि बार्शीटाकळीला दीड तास उशिरा पोचले. स्वयंपाक निवून गेला, आचारी कुरकुरायला लागला, आणि कमलवहिनी दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. मला तुझं बोलणं आठवलं. "मेलेल्या माणसाले यष्टीचं टाइमटेबल सांगता येत नाही, मास्तर." इतक्या वेळा तू हे मला ऐकवलं होतंस की मी एकटाच फसकन हसलो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रडू आलं, आणि ते काही केल्या आवरेना.

तुझं हे वाक्य भांडणातलं होतं. आपण मावसभाऊ, एका वयाचे. अमरावतीला मामाकडे राहून तू पाठशाळेत गेलास, मी इंग्रजी शाळेत. तू बार्शीटाकळीत भिक्षुकी धरलीस, मी अकोल्यात पोट्ट्यांना गणित शिकवायला लागलो. भांडणं मात्र मामाच्या अंगणातलीच पुढं चालू राहिली. अख्ख्या पंचक्रोशीतल्या कुणब्यांची लग्नं, सत्यनारायण, वास्तू, दहावे-तेरावे तुझ्याकडे. जाताना पोथी, येताना पोतं. हँडलला लटकवलेल्या पिशवीत पळी-पंचपात्र वाजत असायचं आणि मागं कॅरिअरला गहू-तांदळाचा शिधा बांधलेला. शेतातली माणसं तो आवाज ऐकून मान वर न करताच म्हणत, "महाराज चालले."

मग तुझ्या छातीचं निघालं. मीच तुला अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी नळी लावली, तुझ्या सुजलेल्या पायावर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, गुरुजी, चढावर सायकल बंद. सपाटीवर हळूहळू चालवा, चढ आला की उतरा. बाहेर येऊन तू चपला घातल्यास आणि म्हणालास, "त्याले काय लागते सांगाले."

तुझ्या गावाबाहेर ओढा आहे, आणि ओढ्यापलीकडे तो लांबलचक चढ. तुझी निम्मी गावं त्या चढाच्या वर. मी म्हटलं, उतरून ढकलत ने. तर तू असा पाहिलास जसं काही मी तुला जानवं काढून ठेवायला सांगितलं.

"सायकल असून ढकलत नेनारा अन् घोडा असून पायी चालनारा, दोघं बी येडे. लोक काय म्हनतीन? महाराज सायकल ढकलून राहिले म्हनजे महाराज गेले कामातून. उद्या दुसऱ्याले बलावतीन."

"मग यष्टीनं जा."

तेव्हा तू ते टाइमटेबलचं वाक्य म्हटलंस. मी म्हटलं, मग भिक्षुकी सोड, अकोल्याला ये, एखाद्या देवळात बस. तू म्हणालास, "देव बसलेलाच हाय तिथं. मी कायले?" असं वर्षभर चाललं. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, ही म्हण तुझ्या बाबतीत उलटी होती. तू देवपूजा करून करून भागत होतास आणि थांबायचं नाव घेत नव्हतास.

शेवटी तूच म्हणालास, "तू एवढा गणितवाला. सायकल हलकी करून दे. मी चढाले हलका होत नाही, सायकल त होईन."

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील तेव्हा. मला ते पटायला नको होतं. मी नाही म्हटलं असतं तर कदाचित तू सायकल सोडली असतीस. पण गणित समोर आलं की माझं डोकं ताळ्यावर राहत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. तुझ्या सायकलीचं पुढचं दात्यांचं चाक मोठं आणि मागचं, म्हणजे फ्रीवील, अगदी लहान. अशा सायकलीला एकदा पायडल फिरवलं की मागचं चाक जवळजवळ पावणेतीन वेळा फिरतं. सपाटीवर झकास पळते, चढावर छाती फोडते. मागचं फ्रीवील जास्त दात्यांचं घातलं की पायडल हलकं पडतं. फेरे जास्त मारावे लागतात, पण जोर कमी. मी तुला कार्ड टाकलं, पुढचे आणि मागचे दाते मोजून कळव, घाई करू नकोस, दोनदा मोज.

तुझं उत्तर आलं. पुढे सत्तेचाळीस, मागे सतरा. खाली लिहिलेलं, "दोनदा मोजले. दोन्ही वेळा तेवढेच."

मी गणिताचा मास्तर. पुढच्या चाकाला विषम दाते सहसा नसतात, सत्तेचाळीस हा आकडा पाहून तरी मला शंका यायला हवी होती. पण तुझ्या अक्षरावर माझा भारी विश्वास. मी त्यावर हिशोब मांडला. कुणीतरी सांगितलं की परतवाड्याकडची माणसं डोंगरात सायकली नेतात, तिकडे मोठं फ्रीवील मिळेल. रविवारी एस.टी.नं परतवाड्याला लागूनच्या अचलपूरला गेलो, चार दुकानं हिंडलो, पाचव्यात बावीस दात्यांचं फ्रीवील मिळालं. नवी चेन घेतली, हिशोबानं कड्या तोडून आणली, आणि पुढच्या रविवारी तुझ्या अंगणात सायकल उलटी टाकून बसलो. चेन चढवायला गेलो तर ती अपुरी! ओढतोय, चाक पुढं सरकवतोय, टोकाला टोक भिडत नाही. तू बाजूला पाटावर बसून सुपारी कातरत होतास.

"तुहं गणित कच्चं दिसते, मास्तर."

मी चिडून दाते स्वतः मोजले. पुढे अठ्ठेचाळीस. मागचं जुनं फ्रीवील, अठरा.

"नाना, कसे मोजले होतेस तू?"

तू शांतपणे सांगितलंस. पहिल्या दात्याला अष्टगंधाचं बोट लावलं, म्हणजे सुरुवात कळावी. तो मेरुमणी. मग पुढचे मोजत आलो. मेरू जपात धरत नाहीत, तो ओलांडतही नाहीत. म्हणून तिथून उलटा फिरलो आणि परत मोजत आलो. दोन्ही वेळा सतरा.

जपमाळेसारखे सायकलीचे दाते मोजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, नाना. मी हातातला पाना टाकून दिला आणि पोट धरून हसलो. तूही हसलास, पण तुला तुझं काय चुकलं ते शेवटपर्यंत पटलं नाही. "मेरू कसा मोजाचा बे?" असंच म्हणत राहिलास. कमलवहिनी घरातून चहा घेऊन आल्या आणि आपली तऱ्हा बघून तशाच उभ्या राहिल्या. त्या दिवसासारखं हसणं नंतर झालं नाही. माझं तर आता होणारही नाही.

गावातल्या दुकानातून दोन कड्या आणून चेन जोडली. धोतर अडकू नये म्हणून तुझ्या सायकलीला पूर्ण झाकणाचं चेनकव्हर होतं. नवं फ्रीवील आतून त्याला घासायला लागलं. खर्र, खर्र, खर्र. मी दगडावर ठेवून कव्हर ठोकलं, वाकवलं, आवाज काही पुरता गेला नाही. तू एक फेरी मारून आलास, आणि तुझा चेहरा! पन्नाशीचा माणूस कैची सायकल शिकलेल्या पोरासारखा हसत होता. म्हणालास, "लोनी झाली रे लोनी!"

महिन्या-दोन महिन्यांनी तू शिधा घेऊन माझ्याकडे अकोल्याला आलास तेव्हा आवाज गेलेला होता. मी म्हटलं, बघ, माझं ठोकणं बसलं की नाही? तू म्हणालास, "बसलं त. हात कोनाचा हाय!" तीन वर्षं मी ही गोष्ट शाळेत मास्तर लोकांना सांगत फिरलो. दर वेळी तू आलास की विचारायचो, चढ कसा काय? तू म्हणायचास, लोनी.

आणि वैशाखातल्या एका दुपारी तू वरच्या गावाहून परत आलास, सायकल अंगणात स्टँडला लावलीस, वहिनींना गूळपाणी मागितलंस आणि ओसरीवर बसलास. त्या पाणी घेऊन आल्या तेव्हा तू गेलेला होतास.

निरोप आला तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरून राहिली होती. मी सायकल हलकी केली म्हणून तू ती सोडली नाहीस. डॉक्टर बंद म्हणाला आणि मी, शहाणा, अचलपूरला जाऊन तुझ्यासाठी फ्रीवील घेऊन आलो. सरळ सांगायचं तर मीच तुला मारलं का? हे कोणाला विचारायचं? वहिनींना विचारायची हिंमत नव्हती. त्या तेरा दिवसांत मी पाणी भरलं, बाजार केला, आल्या-गेल्याला बसायला सतरंजी टाकली, आणि अंगणातल्या त्या सायकलीकडे पाहायचं टाळलं.

तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे पांगले आणि वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सायकल तुमी घेऊन जा. मले ती रोज दिसते." मी हो म्हटलं. न्यायची तर चेनला तेल द्यावं म्हणून सायकल उलटी टाकली आणि कव्हर उघडलं. आत माझं फ्रीवील नव्हतं. लहानसं होतं, झिजलेलं. मोजलं. अठरा. माझा विश्वास बसेना. तुझ्या पद्धतीनं मोजलं, तर सतरा.

तुझं जुनंच फ्रीवील, नाना! तीन वर्षं तू त्याच जड सायकलीवर होतास!

मी वहिनींना हाक मारली. माझा आवाज चढला असावा, कारण त्या पदराला हात पुसत धावत आल्या. सायकल पाहिली आणि खाली बसल्या.

"मले शपथ घातली होती, भाऊजी."

मग त्यांनी सांगितलं. माझं फ्रीवील लागून महिनासुद्धा झाला नव्हता. तू चढावर हलक्या पायडलनं मजेत चालला होतास. पुढं सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई सायकल ढकलत चालल्या होत्या. नव्यानंच आल्या होत्या गावात, कुसुमताई. सरकारनं सायकल दिली होती, पण तो चढ त्यांना चढवेना. वर कोणीतरी बाई अडली होती. लुगडं घामानं भिजलेलं, बाळंतपणाची पेटी कॅरिअरला, आणि त्या अक्षरशः रडत सायकल ढकलत होत्या. तू थांबलास. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन माझं फ्रीवील काढून त्यांच्या सायकलीला लावून दिलंस. दोन वाढीव कड्याही दिल्यास. त्यांना सांगितलंस की दुकानदाराकडे पडून होतं. आणि तुझं जुनं अठरा दात्यांचं, जे तू पंच्याच्या फडक्यात बांधून फडताळात ठेवलं होतंस, ते आपल्या सायकलीला परत घातलंस.

"मी म्हटलं, अवो, तुमच्या छातीचं काय?" वहिनी म्हणाल्या. "त म्हने, माह्या कामाले उशीर झाला त चालते. ज्याच्याकडं मी जातो तो मानूस कुठी पळून जात नाही. तिचं तसं नाही. घाई तिले हाय."

मी त्या झिजलेल्या दात्यांवरून बोट फिरवत राहिलो.

"अन् मास्तरले सांगू नको म्हने. एवढा अचलपूरले जाऊन आला, त्याले वाईट वाटंन."

"मग चढ? चढ कसा चढायचा?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "उतरत होते. ढकलत नेत होते. तुमी सांगलं होतं ना? लोक हसले पयले पयले. मंग सवय झाली लोकायले."

म्हणजे भांडण मी जिंकलो होतो, नाना. तीन वर्षांपूर्वीच जिंकलो होतो आणि तू मला कळू दिलं नाहीस. ज्याला तू येडेपणा म्हणत होतास तो रोज चारचौघांसमोर करत होतास, आणि मला मात्र लोनी, लोनी! लबाड माणसा. मला राग आला, तो अजून गेलेला नाही. एक कार्ड टाकलं असतंस तर? चार ओळींचं? "फ्रीवील दिलं, दुसरं आण." पुढच्या रविवारी आणलं असतं. अचलपूर काय काशीला आहे? मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलास, आणि आता जे वाटून राहिलं ते काय चांगलं वाटून राहिलं? भीड भिकेची बहीण म्हणतात. आयुष्यभर दारोदार शिधा घेतलास आणि माझ्याकडे एक लोखंडाचा तुकडा मागायला लाजलास.

आणि तरी, खरं सांगतो, त्या रात्री तेरा दिवसांनी पहिल्यांदा मला झोप लागली. माझ्या गणितानं तू गेला नाहीस. जड सायकल ढकलत चढ चढणं काही कमी कष्टाचं नसतं, हे मलाही कळतं. पण ते तू ठरवलं होतंस, पूर्ण समजून. त्यात माझा हात नव्हता, एवढंच सुख. सुखच म्हणतो. दुसरा शब्द शोधायचं त्राण नाही.

काल सकाळी ऊन चढायच्या आत मी तुझी सायकल काढली. अकोल्याचा रस्ता उलट्या बाजूला, पण म्हटलं जाण्याआधी एकदा तुझा चढ पाहून घ्यावा. पिशवी वहिनींनी हँडलवरून काढलेली नव्हती. पळी-पंचपात्र वाजत होतं. ओढा ओलांडला, चढावर दहा-बारा पायडलं मारली आणि गुडघ्यानं हात जोडले. उतरलो. ढकलायला लागलो. एक म्हातारा बैलं घेऊन उतरत होता, तो आवाज ऐकून म्हणाला, "महाराज चालले," आणि मग मान वर करून मला पाहिलं. बिचारा ओशाळला. नमस्कार करून पुढं गेला.

अर्ध्या चढावर मागून आवाज आला. खर्र, खर्र, खर्र. नाना, तो आवाज मी झोपेतही ओळखला असता! वळून पाहिलं तर काष्ट्यात खोचलेलं पांढरं लुगडं, कॅरिअरला पेटी, आणि पाय भराभर फिरताहेत, जोर न लावता. कुसुमताईच. लुगडं अडकू नये म्हणून त्यांच्याही सायकलीला पूर्ण झाकणाचं चेनकव्हर. मला कधी पाहिलं नव्हतं त्यांनी, पण सायकल ओळखली.

"महाराजांची ना?" त्या चालवता चालवताच ओरडल्या. "तुम्ही मास्तर का? महाराज सांगायचे तुमचं. थांबता येत नाही हो, वर बाई अडली आहे!"

"थांबू नका," मी म्हटलं, आणि तुझी सायकल बाजूला घेतली. त्या माझ्या जवळून वर गेल्या.

मी तिथंच रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि सवयीनं पायडलचे फेरे मोजायला लागलो. त्या वर पोचून दिसेनाशा होईपर्यंत पन्नास भरले. पहिला फेरा मी धरला नाही, नाना. तो तुझा.